चपलांचे गलबत : लामू बेटावरील एक सामुदायिक कलाकृती

केनियाच्या उत्तर किनाऱ्यावर, सोमालियाच्या सीमेपासून फारशा दूर नसलेल्या द्वीपसमूहात, लामू नावाचे एक बेट आहे. तेथील जुन्या नगराचा २००१ साली युनेस्कोने जागतिक वारशात समावेश केला. प्रवाळाचा दगड आणि खारफुटीचे लाकूड यांनी बांधलेली घरे, नक्षीदार दारे, मोटार शिरणार नाही अशा अरुंद गल्ल्या आणि त्यांतून ओझी वाहणारी गाढवे, असे या नगराचे वर्णन प्रवासी करीत आले आहेत. येथील सुतारांची कीर्ती मात्र दारांपेक्षाही नौकांमुळे अधिक. 'ढाऊ' या सामान्य नावाने ओळखली जाणारी, त्रिकोणी शिडाची आणि आपल्या कोकणच्या गलबताशी दूरचे नाते सांगणारी नौका लामूचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बांधीत आले. १५ सप्टेंबर २०१८ रोजी याच बेटावर जी नौका पाण्यात लोटण्यात आली, तिच्यात लाकडाची फळी नव्हती. तिचा कणा, तिच्या फासळ्या आणि तिच्या फळ्या समुद्रकाठी व गावांत गोळा केलेल्या प्लॅस्टिकच्या कचऱ्यातून घडविलेल्या होत्या, आणि तिची अंगे सुमारे तीस हजार टाकून दिलेल्या रबरी चपलांच्या रंगीबेरंगी तुकड्यांनी मढविलेली होती. तिचे नाव 'फ्लिपफ्लॉपी'.

सामुदायिक कलेविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात अशा कृतीकडे 'जनजागृतीचे साधन' म्हणून पाहण्याची रीत आहे. ही रीत सर्वस्वी चुकीची नाही, तथापि ती अपुरी आहे. आणि ती अपुरी का आहे हे समजण्यासाठी लामूच्या गलबताइतके सोयीचे दुसरे उदाहरण नाही.

प्रथम चपलांविषयी. अंगठ्याची रबरी चप्पल हे हिंदी महासागराच्या काठच्या गरिबांचे सार्वत्रिक पादत्राण होय. ते स्वस्त असते, लवकर तुटते, आणि पाण्यावर तरंगते. या तिसऱ्या गुणामुळेच ते समुद्राच्या कचऱ्यात ठळकपणे दिसते. लामूच्या उत्तरेस कियुंगा येथे सागरी अभयारण्य आहे. तेथील किनाऱ्यावर येऊन पडणाऱ्या चपलांचे ढीग कासवांच्या अंडी घालण्याच्या वाटेत येत. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथे काम करणाऱ्या ज्युली चर्च या सागरी संरक्षकांच्या दृष्टीस पडले की, गावातली मुले याच चपला कापून त्यांची खेळणी करतात. त्या मुलांच्या खेळातून पुढे एक उद्योग उभा राहिला. 'ओशन सोल' या नावाने तो आजही चपलांच्या थरांतून हत्ती, जिराफ आणि मासे कोरून विकतो. फ्लिपफ्लॉपीच्या आधी वीस वर्षे याच किनाऱ्यावर चप्पल ही कलेची सामग्री झालेली होती, आणि ती करणारी पहिली माणसे मुले होती, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

या चपला सगळ्या लामूकरांच्या पायांतल्या असतात असे नाही. पाणी आणि वारा त्या कोठून कोठे नेतात, त्याचा हिशेब राष्ट्रांच्या सीमांप्रमाणे करता येत नाही. ईशान्येकडील वाऱ्यावर अरबस्तान आणि हिंदुस्थानाकडील गलबते खाली येत व नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतत. स्वाहिली भाषेत या दोन वाऱ्यांच्या ऋतूंना 'कास्काझी' आणि 'कुसी' अशी नावे आहेत. ज्या समुद्राने कापड, मणी, तांदूळ आणि शब्द आणले, तोच आता कचरा आणतो. शब्दांचा उल्लेख येथे सहेतुक केला आहे. स्वाहिलीत मोठ्या ढाऊला 'जहाझी' म्हणतात, बंदराला 'बंदारी', रंगाला 'रांगी', दुकानाला 'दुका'. आणि नौकेच्या तांडेलास 'नाहोधा', ज्याचा मूळ फारसी शब्द आपल्या कोळ्यांच्या 'नाखवा'मध्ये आजही ऐकू येतो. सपाटेला 'चांपाली' असाही एक शब्द कोशांत आहे, तो आपल्या चपलेचाच. अंगठ्याच्या रबरी चपलेस मात्र स्वाहिलीने स्वतःचा शब्द घडविला : 'कांदाम्बिली', म्हणजे दोन पट्ट्यांची. मोंबासाचा किल्ला १५९३ मध्ये पोर्तुगीजांनी बांधावयास घेतला तेव्हा त्या किनाऱ्याचा कारभार गोव्याच्या सत्तेखाली चाले, हेही मराठी वाचकाने ध्यानात ठेवावे. तात्पर्य इतकेच की, फ्लिपफ्लॉपी ही आफ्रिकेतील एक दूरस्थ नवलाई नव्हे. ती ज्या पाण्यावर तरंगते त्याच्या दुसऱ्या काठावर आपण आहोत.

आता नौकेच्या बांधणीकडे वळू. कल्पना बेन मॉरिसन यांची, २०१६ मधील. त्यांना केनियातील दीपेश पाबरी आदी सहकारी मिळाले. परंतु कल्पनेला आकार देणारे हात लामूचे होते. अली स्कंदा हे तेथील नामांकित नौकाकार; नक्षीकाम आणि नौकाबांधणी हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. सुमारे दहा टन प्लॅस्टिक गोळा झाले. ते निवडावे लागते, कारण प्लॅस्टिक हा एक पदार्थ नसून पदार्थांचे मोठे कुटुंब आहे. बाटलीचे, पिशवीचे आणि डब्याचे प्लॅस्टिक वेगवेगळ्या तापमानाला वितळते आणि एकमेकांत नीट मिसळत नाही. निवडलेला माल धुऊन, त्याचा चुरा करून, वितळवून साच्यांतून काढला की फळ्या आणि तुळया मिळतात. येथवर ही कारखान्यातली क्रिया झाली. पुढची गोष्ट अधिक रोचक आहे.

नऊ मीटर लांबीच्या नौकेसाठी प्लॅस्टिकचा कणा तयार करणे हे कठीण काम होते. लाकडाला रेषा असतात. वाकलेल्या फांदीतून वाकलेली फासळी काढता येते, आणि लामूचा सुतार झाड पाहूनच त्यातली फासळी ओळखतो. प्लॅस्टिकच्या तुळईला रेषा नसते. ती उन्हात मऊ पडते, गारव्यात आखडते, आणि तासताना लाकडाप्रमाणे प्रतिसाद देत नाही. तरीही कारागिरांनी नौका बांधली ती आपल्या रीतीने : वाकसाने तासून, सांधे बसवून, डोळ्यांच्या अंदाजाने. नवा पदार्थ जुन्या हातांनी शिकून घेतला. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी या नौकेविषयी लिहिताना चपलांच्या रंगांवर भर दिला, कारण छायाचित्रात रंगच दिसतात. तिचे खरे कलामूल्य मात्र चपलांच्या खाली, दिसत नसलेल्या सांध्यांत आहे असे म्हणावे लागेल. चपला सोलून काढल्या तरी ती नौका राहील. सांधे काढले तर उरेल तो पुन्हा कचरा.

कचऱ्यापासून केलेल्या कलाकृतीने प्रेक्षकाच्या मनात कोणता भाव जागवावा, हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा आहे आणि भारतीय वाचकास त्यासाठी परक्या दारी जाण्याचे कारण नाही. भरताच्या आठ रसांत बीभत्स आहे, त्याचा स्थायिभाव जुगुप्सा. आणि अद्भुत आहे, त्याचा स्थायिभाव विस्मय. प्लॅस्टिकविषयक सार्वजनिक कलेचे जगभर जे नमुने दिसतात, त्यांतील बरेचसे पहिल्या वाटेने जातात. फिलिपीन्समधील काविते प्रांतात नाईक येथील किनाऱ्यावर २०१७ मध्ये ग्रीनपीस संघटनेने एक मृत देवमासा मांडला होता. त्याचे तोंड उघडे, आतून प्लॅस्टिक बाहेर पडलेले, कातडीही प्लॅस्टिकचीच. दुरून पाहणाऱ्यास तो खरा वाटे. जवळ गेल्यावर फसवणूक उघड होई, आणि तिच्याबरोबरच एक शहारा येई. ही योजना प्रभावी होती यात संशय नाही. परंतु जुगुप्सेचा स्वभाव असा की, ती माणसाला मागे सारते. नाक दाबून वळलेला प्रेक्षक दुसऱ्या दिवशी त्याच ठिकाणी परत येत नाही.

फ्लिपफ्लॉपी दुसऱ्या वाटेने जाते. तिच्याकडे पाहणाऱ्या मुलाला प्रथम किळस येत नाही, नवल वाटते. आणि ते जवळ येते, अंगावर हात फिरवते, आणि मग त्याला कळते की ही आपलीच तुटलेली चप्पल. रशियन समीक्षक श्क्लोव्हस्की याने १९१७ च्या आपल्या निबंधात मांडलेली अपरिचितीकरणाची कल्पना साहित्याच्या अभ्यासकांना ठाऊक आहे : सवयीने दिसेनाशी झालेली वस्तू कला पुन्हा दृश्य करते. टाकलेली चप्पल ही तर दुहेरी अदृश्य वस्तू. पायात असताना ती दिसत नाही आणि टाकल्यावर पाहायची नसते. तीस हजार चपला एकदम पाहाव्या लागल्या की हे दोन्ही पडदे गळतात. मात्र श्क्लोव्हस्कीच्या कल्पनेत प्रेक्षक एकटा आहे, तो वाचक आहे. येथे प्रेक्षकानेच चपला वेचलेल्या आहेत. ज्याने कचरा हाताने निवडला त्याला ती वस्तू कलाकृती होण्यापूर्वीच दृश्य झालेली असते. सामुदायिक कलेची सौंदर्यमीमांसा या ठिकाणी साहित्याच्या मीमांसेपासून वेगळी होते, आणि ती वेगळी करण्याचे काम अद्याप नीटसे झालेले नाही.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात बँडन नावाच्या छोट्या किनारी गावात अँजेला हेझेलटाइन पोझी यांनी २०१० मध्ये सुरू केलेला 'वॉश्ड अशोर' हा उपक्रमही याच जातीचा. स्वयंसेवक किनारे साफ करतात, जमलेल्या कचऱ्यातून प्रचंड मासे, पक्षी आणि सील घडविले जातात, आणि ते गावोगाव फिरतात. तेथेही निवडणे आणि धुणे हेच मुख्य कर्म आहे. फरक असा की, बँडनचे मासे पाहण्यासाठी आहेत. लामूची नौका चालते.

ती खरोखरच चालली. २०१९ च्या जानेवारीअखेर लामूहून निघून ती किनाऱ्याकिनाऱ्याने सुमारे पाचशे किलोमीटरचा प्रवास करीत फेब्रुवारीत झांझिबारला पोहोचली. वाटेतल्या गावांत थांबून शाळांतील मुलांना, कोळ्यांना आणि अधिकाऱ्यांना ती दाखविण्यात आली. २०२१ मध्ये तिला व्हिक्टोरिया सरोवरात उतरविण्यात आले आणि केनिया, युगांडा, टांझानिया या तिन्ही देशांच्या काठांवर ती गेली. आपल्याकडे दिंडी, पालखी, चित्ररथ यांची परंपरा असल्यामुळे कलाकृतीने लोकांकडे चालत जावे यात मराठी माणसाला काही विशेष वाटणार नाही. संग्रहालयांच्या संस्कृतीत वाढलेल्या समीक्षकांना मात्र हीच गोष्ट सर्वांत नवी वाटली.

येथे 'जनजागृती' या शब्दाचा विचार करणे अगत्याचे आहे. जागृती म्हटली की कोणीतरी झोपलेला आहे हे गृहीत धरले जाते. लामूचा कोळी झोपलेला आहे काय? त्याच्या जाळ्यात माशांबरोबर पिशव्या येतात. त्याच्या अंगणात नगरपालिकेची गाडी येत नाही. कचरा जाळला तर धूर त्याच्याच घरात शिरतो. प्लॅस्टिकचे दुष्परिणाम त्याला कोणी चित्र काढून सांगावे अशी स्थिती नाही. केनियाने २८ ऑगस्ट २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली, ती जगातील अत्यंत कठोर बंद्यांपैकी एक; उल्लंघनास चार वर्षांपर्यंत कैद किंवा जबर दंड. जून २०२० पासून राष्ट्रीय उद्याने, संरक्षित किनारे आणि वने यांत एकदाच वापरावयाच्या प्लॅस्टिकला मज्जाव झाला. म्हणजे ज्या देशात नौका बांधली गेली तो देश या बाबतीत अनेक संपन्न देशांच्या पुढे होता. मग जागे कोणाला करावयाचे?

याचे उत्तर आकड्यांत आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित शास्त्रीय अभ्यासानुसार, २०१५ पर्यंत मानवाने सुमारे ८३० कोटी टन प्लॅस्टिक निर्माण केले होते. त्यातून झालेल्या सुमारे ६३० कोटी टन कचऱ्यापैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास पुनर्वापरात आला, बारा टक्के जाळला गेला, आणि उरलेला जमिनीत किंवा निसर्गात साचला. या राशीपुढे दहा टनांचे गलबत ठेवून पाहावे. नौका कचरा कमी करते असा दावा कोणी केला तर तो हास्यास्पद ठरेल, आणि तिच्या कर्त्यांनीही ती जगाचा कचरा संपवील असे मानण्याचे कारण नाही. परंतु कचऱ्याच्या कलेत एक छुपे सांत्वन असते, त्यापासून सावध राहावयास हवे. टाकाऊतून टिकाऊ झालेली सुंदर वस्तू पाहून प्रेक्षक मनाशी म्हणतो की, चला, याचेही काही करता येते तर. आणि तो निश्चिंतपणे पुढची बाटली विकत घेतो. ज्या कंपन्या ती बाटली बनवितात त्यांना असली निश्चिंती हवीच असते.

हा आक्षेप कलावंतांच्याही ध्यानात आलेला आहे. २०२२ च्या फेब्रुवारी–मार्चमध्ये नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण सभा भरली असता तिच्या आवारात बेंजामिन व्हॉन वाँग या कलावंताने एक प्रचंड नळ उभारला. सुमारे तीन मजली उंचीवर अधांतरी दिसणारा हा नळ, आणि त्यातून पाण्याऐवजी प्लॅस्टिकच्या वस्तूंची धार. ती धार नैरोबीतल्या किबेरा या दाट गरीब वस्तीतून गोळा केलेल्या कचऱ्याची होती; तेथील रहिवाशांनी ती वेचली, धुतली आणि ओवली. या कलाकृतीचा अर्थ एका दृष्टिक्षेपात कळतो : फरशी पुसत बसू नका, नळ बंद करा. रूपक म्हणून ती लामूच्या नौकेपेक्षा अधिक नेमकी आहे. मात्र रूपक कळले की ती संपते. नौका तशी संपत नाही. २ मार्च २०२२ रोजी त्या सभेने प्लॅस्टिकविषयी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार करण्याचा ठराव केला. त्याचे श्रेय नळाला देणे भाबडेपणाचे होईल, कारण ठरावामागे कित्येक वर्षांच्या वाटाघाटी होत्या.

पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे. २०२४ च्या अखेरीस दक्षिण कोरियातील बुसान येथे वाटाघाटी करार न होताच आटोपल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनीव्हा येथे त्या पुन्हा भरल्या, तेव्हा व्हॉन वाँग यांनी सभास्थानाबाहेर रोदँच्या प्रसिद्ध 'विचारवंता'ची आठवण करून देणारी एक मूर्ती ठेवली आणि बैठका चालल्या तसतशी ती दिवसागणिक अधिकाधिक प्लॅस्टिकखाली बुडत गेली. प्रतिनिधी तिच्याजवळून जात-येत राहिले. करार जिनीव्हातही झाला नाही. उत्पादनावरच मर्यादा घालावी की केवळ कचऱ्याची व्यवस्था लावावी, हा मतभेदाचा मुख्य मुद्दा होता. म्हणजे नळ की फरशी हाच.

आपल्या प्रदेशापुरते पाहिले तर या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती थोडी अवघडल्यासारखी करणारी आहे. मराठी समाजाची सर्वांत मोठी सामुदायिक दृश्यकला म्हणजे सार्वजनिक गणेशोत्सवातील मखरे आणि देखावे. कित्येक वर्षे ही कला थर्माकोलवर उभी होती. महाल, गुहा, कैलास, सारे त्या पांढऱ्या हलक्या फेसातून कापून निघे आणि दहा दिवसांनी रस्त्याच्या कडेला फेकले जाई. महाराष्ट्र शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली तेव्हा कारागिरांना आपला हात बदलावा लागला. पुठ्ठा, कागद, बांबू, कापड यांच्याकडे परतावे लागले. पर्यावरणाचे प्रबोधन करणारा देखावाच थर्माकोलचा, असेही दृश्य त्यापूर्वी अपरिचित नव्हते. तेव्हा सामुदायिक कला ही कचऱ्याविषयी बोलते तशी ती कचरा करतेही. लामूच्या नौकेलाही हा प्रश्न विचारता येतो : ऊन, क्षार आणि लाटा यांच्या माऱ्याने प्लॅस्टिक झिजते आणि त्याचे सूक्ष्म कण पाण्यात जातात, मग प्लॅस्टिकची नौका समुद्रात सोडणे कितपत योग्य? असा प्रश्न ज्या कलाकृतीला विचारता येतो ती निदान खोटे समाधान तरी देत नाही.

नौकेच्या यशानंतर तिच्या कर्त्यांनी जे केले ते वृत्तपत्रांत फारसे आले नाही, कारण त्यात रंग नाहीत. लामूमध्येच कचरा गोळा करण्याची, निवडण्याची आणि त्यातून फळ्या काढण्याची व्यवस्था उभी करण्यात आली. त्या फळ्यांचे घरगुती सामान तेथील सुतार स्वाहिली धाटणीने घडवितात. आणि तरुणांना नौकाबांधणीचे शिक्षण देण्याची सोय झाली. चांगले लाकूड दुर्मिळ आणि महाग होत चालल्याने ज्या विद्येला घरघर लागली होती, तिच्याकडे काही मुले पुन्हा वळली. ती प्रथम लाकडावर हात बसवितात की प्लॅस्टिकवर, हे ज्याचा त्याचा उस्ताद ठरवितो.